अध्यक्षकाका, नापास करण्याआधी ऐका तरी! रद्द झालेल्या 'मिलेनियम' सत्राबद्दल खुलं पत्र

मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सगळे काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र असं उघड्यावर लिहितेय कारण फोन केला की तुम्ही "बघू गो बाय, बसून ठरवू" म्हणता आणि मग कोणच बसत नाही. शिवाय हा काही माझ्या एकटीचा विषय नाही. ज्यांनी वर्गणी भरलीय त्यांनी वाचावं, आणि ज्या पोरापोरींना मंडळात यावंसं वाटतं पण दारातल्या चपला बघूनच परत जातात त्यांनी पण वाचावं. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोंडा तालुक्यात अशी मंडळं ढीगभर आहेत, ज्याला कळायचं त्याला कळेल.

झालं काय ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांपर्यंत अर्धंच पोचलंय. आपल्याकडे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं असं सत्र चालतं. मला विचाराल तर मंडळाने आजवर केलेली ही सगळ्यात भारी गोष्ट. ह्या महिन्याला बॅकस्ट्रीट बॉइज ह्या अमेरिकेतल्या बॉय बँडचा, म्हणजे पाच गाणाऱ्या पोरांच्या ग्रुपचा, 'मिलेनियम' होता. होता म्हणजे बैठकीत ठरला होता, इतिवृत्तात आहे, पत्रिकेवर छापून आला होता. मांडणार होतो मी आणि बारावीतल्या दोन मुली. आणि गुरुवारी रात्री ग्रुपवर सचिवकाकांचा मेसेज, की दर्जाचा विचार करता हे सत्र रद्द, त्याऐवजी जुन्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डी ऐकू या. खाली चार जणांचे जोडलेले हात आणि एक फूल. संपला विषय.

नाट्यगीतांशी माझं भांडण नाही हे आधीच सांगते, नाहीतर तिकडेच गाडी वळवाल. माझ्या घरात देवासमोर नाट्यगीत आणि अभंग ह्याशिवाय काही वाजायचं नाही, मी स्वतः गावातल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते, आणि मंगेशी-म्हार्दोळ पट्ट्यात वाढलेल्या माणसाला दीनानाथ आणि अभिषेकीबुवा शिकवावे लागत नाहीत. प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा की तुम्ही जे नापास केलंत ते तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी विचारलं होतं. एकाने सांगितलं "नातीच्या मोबाईलवर कानावर पडतं", दुसरे म्हणाले "त्यात ऐकायचं काय असतं". म्हणजे पेपर न उघडताच मार्क दिले.

नंतर चहाच्या वेळी जी कारणं कानावर आली ती एकेक घेते.

पहिलं, "हे स्वतः लिहीत नाहीत, वाजवत नाहीत, कुणीतरी बनवून दिलेलं गातात." बरं. बालगंधर्वांनी 'स्वयंवर'ची पदं लिहिली होती का? शब्द खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. लताबाईंनी आयुष्यभर बहुतेक दुसऱ्यांचेच शब्द दुसऱ्यांच्या चालीत गायले, तेव्हा कुणी म्हटलं नाही की बाई स्वतः लिहीत नाहीत. आपल्या अख्ख्या परंपरेत लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा वेगळा हेच चालत आलंय, आणि गाणाऱ्याने त्यात काय केलं तेच आपण बघतो. मग फ्लोरिडातल्या पाच पोरांनाच हा नियम का? आणि 'मिलेनियम'मध्ये अगदीच काही नाही असंही नाही. 'लार्जर दॅन लाईफ' लिहिणाऱ्यांत ग्रुपमधलाच ब्रायन लिट्रेल आहे, शेवटचं 'द परफेक्ट फॅन' त्याने आईसाठी लिहिलंय. बाकी मोठं काम स्वीडनमधल्या लोकांचं, स्टॉकहोमचा शेरॉन स्टुडिओ, मॅक्स मार्टिन आणि त्याची माणसं. 'आय वॉन्ट इट दॅट वे' मॅक्स मार्टिन आणि आंद्रेयास कार्लसन ह्या दोघांचं. ह्यात लपवण्यासारखं काय आहे, आम्ही सत्रात हेच सांगणार होतो.

दुसरं, "ह्यात संगीत काय आहे." इथे जरा थांबते, कारण हेच मला पेटी घेऊन दाखवायचं होतं.

'आय वॉन्ट इट दॅट वे' पांढरी सहामध्ये, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी सा धरून, चालतं. सुरुवातीला नुसती गिटार, त्यावर ब्रायनचा एकट्याचा आवाज, अगदी जवळ, कानात बोलल्यासारखा. मग एकेक जण आत येतो आणि ध्रुपदाला पाचही जण, पण सगळे एका सुरात नाहीत, एक मूळ चालीवर, बाकीचे तिच्या वर आणि खाली. मधल्या कडव्यात केविनचा खर्जाकडचा आवाज, आणि त्यानंतर शेवटच्या ध्रुपदाला अख्खं गाणं उचलून पांढरी सातवर ठेवतात. सा च हलवला! आमच्या भजनात सा हलला तर बुवा पेटीवाल्याकडे असं बघतात की पुढच्या वेळी बोलावतील की नाही शंका. पण इथे तो मुद्दाम हलवलाय, आणि ऐकणाऱ्याला पट्टी बदललेली कळत नाही, फक्त छातीत काहीतरी वर आल्यासारखं होतं. मी हे घरी पेटीवर वाजवून बघितलं. डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने मूळ चाल, बाकीचे आवाज तोंडाने, सासूबाई म्हणाल्या काय चाललंय. पट्टी बदलताना बोटं सरळ पुढच्या पांढरीवर सरकतात पण काळ्या वाढतात, तिथे मी दर वेळी अडखळते. ते गाणारे अडखळत नाहीत.

शब्दांना धड अर्थ लागत नाही असा आरोप तर गाणारेही हसत मान्य करतात. अर्थ लागेल असे शब्द लिहूनही बघितले होते, रेकॉर्डसुद्धा केले होते, पण शेवटी पहिलेच ठेवले कारण कानाला तेच बसत होते. तराणा ऐकताना आपण अर्थ विचारतो का काका?

आता तिसरं, ज्याच्यामुळे मी खरी तापलेय. "बाजारू आहे, पोरींच्या वेडावर खपलेलं आहे."

खपलं हे खरं. मी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत अकाउंट्सचं काम करते, आकड्यांना घाबरत नाही, तर आकडेच घ्या. 18 मे 1999 ला अल्बम आला. पहिल्याच आठवड्यात एकट्या अमेरिकेत 11 लाख 30 हजारांच्या वर प्रती गेल्या. 2001 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची माणसं साडेतेरा लाखांच्या आत होती, त्यावरून अंदाज घ्या. आदल्याच वर्षी गार्थ ब्रूक्स ह्या अमेरिकन गायकाने केलेला पहिल्या आठवड्याचा विक्रम त्यात मोडला. एकूण 10 आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिला नंबर, त्या वर्षीचा तिथला सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम, साधारण 94 लाख प्रती, आणि पुढे 13 वेळा प्लॅटिनम म्हणजे 1 कोटी 30 लाख. विक्रम मात्र वर्षभरही टिकला नाही, मार्च 2000 मध्ये एनसिंक नावाच्या दुसऱ्या बॉय बँडने एका आठवड्यात 24 लाख विकले, आणि तो विक्रम मग 2015 ला अडेल ह्या गायिकेने मोडेपर्यंत उभा राहिला.

ह्यात बाजाराच्या युक्त्या होत्या का? होत्या ना. 'आय वॉन्ट इट दॅट वे' अमेरिकेत सुटी सिंगल म्हणून दुकानात विकायलाच ठेवली नाही, गाणं पाहिजे तर अख्खी सीडी घ्या! म्हणून इंग्लंडमध्ये जे गाणं पहिल्या नंबरवर गेलं ते अमेरिकेत फक्त रेडिओच्या जोरावर सहावर अडकलं. ही युक्ती चूक की बरोबर ह्यावर आपल्या मंडळात मस्त तासभर वाद झाला असता, सचिवकाकांना असले वाद आवडतात हे मला माहीत आहे. आणि बाजाराचंच बोलायचं तर त्या बाजाराने ह्या पोरांचं काय केलं तेही बोलू या. ज्या लू पर्लमनने ग्रुप जमवला त्याच्यावरच 1998 मध्ये त्यांना केस घालावी लागली, पैसा सगळा तो खात होता म्हणून. हाच माणूस पुढे गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल 2008 ला 25 वर्षांसाठी आत गेला आणि 2016 ला तुरुंगातच मेला. त्याच 1998 मध्ये ब्रायनच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, आणि शेरॉन स्टुडिओ ज्याने उभा केला तो डेनिझ पॉप कॅन्सरने गेला. 'मिलेनियम' हा त्या वर्षानंतरचा अल्बम आहे. "गोड गोड पोरांचं गोड गोड गाणं" म्हणून हातवारे करणाऱ्यांना ह्यातलं काही माहीत नसतं.

पण "पोरींचं वेड" हे कारण कसं काय होतं हे मला कुणीतरी समजावून सांगा. बालगंधर्वांसारखी साडी नेसायला, तसा अंबाडा घालायला बायकांची झुंबड उडायची हे आपण किती कौतुकाने सांगतो. पहाटेपर्यंत वन्समोअर देणारा प्रेक्षक आपल्या लेखी रसिक. आणि तेरा वर्षांच्या मुलीने ह्याच ग्रुपमधल्या निक कार्टरचा फोटो वहीत चिकटवला तर ते वेड? गेल्या पावसाळ्यात आपण बीटल्सचा अल्बम केला, खुर्च्या कमी पडल्या, अध्यक्षकाका स्वतः बोलले, सुंदर बोलले. 1964 मध्ये त्याच बीटल्सपुढे कोण ओरडत होतं काका? मुलीच ना? तेव्हाच्या मोठमोठ्या मासिकांनी त्यांचीही केसांवरून टिंगल केलीच होती. म्हणजे मुलींना आधी आवडलेली गोष्ट साठ वर्षांनी पुरुषांना आवडली की ती क्लासिक होते, तोवर मुलींनी थांबायचं असा नियम आहे का? असेल तर घटनेत लिहा, वार्षिक सभेत मंजूर करून घ्या.

समीक्षकांनी झोडपलं हेही सरसकट खरं नाही. नाकं मुरडणारे होते, ते असतातच. पण 2000 च्या ग्रॅमीला ह्या बँडला पाच नामांकनं होती, त्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम हे सगळ्यात मोठं नामांकन 'मिलेनियम'ला. मिळालं एकही नाही, त्या रात्री गिटारवाल्या सांतानाचा 'सुपरनॅचरल' बहुतेक सगळं घेऊन गेला. सांताना मला आवडतो, तक्रार नाही, फक्त एक गंमत बघा. त्याच्या ज्या 'स्मूथ'ला वर्षाचं गाणं म्हणून पुरस्कार मिळाला ते लिहिलंय इताल शूर आणि रॉब थॉमसने, गायलंय रॉब थॉमसने. तिथे "स्वतः लिहीत नाही" हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण हातात गिटार होती आणि ऐकणाऱ्यांत बापये होते. आणि ज्या रोलिंग स्टोन मासिकाचं नाव तुम्ही दर सत्रात घेता त्याच मासिकाच्या 2021 च्या सर्वोत्तम 500 गाण्यांच्या यादीत 'आय वॉन्ट इट दॅट वे' आहे. आहे म्हणजे आहे, बघून घ्या.

आता, अल्बम अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. बारा गाणी आहेत. पहिली तीन-चार एकापेक्षा एक, 'शो मी द मीनिंग'ला तर मी आजही काम थांबवते, पण मागच्या अर्ध्या भागात पाणी बरंच आहे. एकामागून एक संथ प्रेमगीतं, सगळ्यांचा ठेका तोच आणि 'स्पॅनिश आईज' संपेपर्यंत माणूस जांभई देतो. दोन गाणी काढली असती तर बिघडलं नसतं. बारावीतल्या त्या दोघींपैकी एकीला हे बिलकुल मान्य नाही, ती म्हणते मला संथ गाणी ऐकायचा धीर राहिला नाही. आमचं ह्यावर कडाक्याचं वाजलं. हेच तर सत्रात व्हायचं होतं!

आता माझं ह्यात काय एवढं अडलंय, असं एका काकांनी विचारलं म्हणून सांगते. 1999 ला मी शाळेत होते, कॅसेट फोंड्याच्या बाजारातनं घेतलेली, आणि शेजारच्या बाकावरची माझी मैत्रीण चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे मूळ चालीच्या खालचा आवाज, गायची. ह्या कॅसेटवर तिने मला शिकवलं की एकाच वेळी दोन सूर कसे धरायचे, मी मूळ चालीवर आणि ती खाली, आणि मी तिच्या सुरावर घसरले की ती टेबलाखालून लाथ मारायची. आमच्या घरात तोवर सगळे एकाच सुरात गात, तिच्या घरात चार वेगवेगळ्या. गोव्यात ही दोन घरं एकमेकांना लागून असतात आणि तरी एकाचं गाणं दुसऱ्याच्या व्हरांड्यापर्यंतच जातं. आज ती इंग्लंडात स्विंडनला असते, तिच्या मुली वेगळंच काय काय ऐकतात, पण हे सत्र ठरलं म्हणून तिने आपल्याजवळची सीडी इथे येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवून दिली. तिला आता काय सांगू, दर्जात बसलं नाही?

आणि त्या दोन मुलींचं सांगायचं राहिलं. त्या मुळात बीटीएस ह्या कोरियन बॉय बँडच्या चाहत्या. त्यांना आधी बीटीएसच करायचं होतं, मीच म्हटलं की बॉय बँडची आधीची पिढी एकदा ऐकू या, मग 2018 मध्ये कोरियन भाषेतला अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्यांदा पहिल्या नंबरला कसा गेला ते नीट कळेल. त्यांनी मान्य केलं. आपल्या आईच्या वयाच्या बाईने सुचवलेला, स्वतःच्या जन्माआधीचा अल्बम त्यांनी परीक्षेच्या दिवसांत ऐकला, कोणता आवाज कुणाचा ते लिहून काढलं, रंगीत पेनाने. मंडळात तरुण येत नाहीत म्हणून दर वार्षिक सभेत जे गळे काढतात त्यांनी त्या वह्या बघायला पाहिजेत. मेसेज आला त्या रात्री एकीने मला एवढंच विचारलं, "मॅडम, आपण यायचं की नाही मग?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तर मागण्या. फार नाहीत.

'मिलेनियम'चं सत्र पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी लावा, पत्रिकेवर, नेहमीच्या टायपात. "युवा विशेष" वगैरे डब्यात घालू नका.

सत्र रद्द करण्याच्या बाजूने ज्यांनी हात जोडले त्या चारही काकांनी पहिल्या गाण्यापासून बाराव्यापर्यंत बसावं. ऐकून झाल्यावर वाईट वाटलं तर तसं खुशाल बोलावं, पण का वाईट ते सांगावं. 'मला आवडत नाही' हे चालेल. 'ह्यात काही नसतंच' हे ऐकून घेणार नाही.

दर्जा म्हणजे काय ते एकदा कागदावर लिहून काढा आणि नोटीस बोर्डाला लावा. बीटल्सला जो लागतो तोच सगळ्यांना. एकदा बैठकीत ठरलेलं सत्र पुन्हा बैठक घेतल्याशिवाय रद्द होणार नाही हे पण त्यातच घाला, ग्रुपवरच्या मेसेजने इतिवृत्त बदलत नाही.

अल्बम निवडायच्या समितीवर आज एकही बाई नाही. निदान दोन घ्या, त्यातली एक पंचविशीच्या आतली. मी स्वतः उभी राहणार नाही, म्हणजे हे माझ्या खुर्चीसाठी चाललंय असं कुणी म्हणायला नको.

आणि सत्र संध्याकाळी सातला ठेवू नका. साडेआठला संपतं, चहा होईपर्यंत नऊ, आणि मग खेड्यावरच्या मुलींना बस नसते. सावर्डे-शिरोड्याकडच्यांनी काय करायचं? चारला सुरू करा. दुपारची झोप महिन्यातनं एक दिवस बुडाली तर चालते.

ह्याला उत्तर ग्रुपवरच लिहून द्या, मला वेगळा फोन नको, म्हणजे कोण काय म्हणालं ह्यावर नंतर वाद नकोत. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळलं तर पत्रिका वेळेत छापून होईल, आधीची वाया गेली त्याचा छपाईचा खर्च मी द्यायला तयार आहे. सीडी माझ्याकडे आहे, पेटी मी घेऊन येईन. फक्त मंडळाच्या उजव्या स्पीकरमधून गेल्या वेळी खरखर येत होती, तो तेवढा कुणीतरी आधी बघून ठेवा. ह्या अल्बममध्ये आवाज दोन्हीकडे वाटलेले आहेत, एका स्पीकरवर अर्धी मंडळी गायब होतील.

आपली,
चालू वर्षाची वर्गणी भरलेली एक सभासद
फोंडा, गोंय